मस्टरवरची सही, रविवारची मिस्सा आणि सत्यनारायणाचा प्रसाद

महापे एमआयडीसीतील एका कारखान्याच्या प्रशासन विभागात काम करताना कॅथलिक श्रद्धा कशी जगावी, असे तुम्ही विचारले आहे. तीन अडचणी तुम्ही सविस्तर मांडल्या आहेत: टेबलावर क्रूस ठेवावा की नाही, कारखान्यातल्या सत्यनारायणाचा प्रसाद घ्यावा की नाही, आणि पाळीमुळे रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकते त्याचे काय करावे. चौथी गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे. साहेब दर महिन्याला ठेकेदाराच्या वेतनपटावर ‘माझ्या समक्ष मजुरी दिली’ अशा मजकुराखाली तुमची सही घेतात. मजुरीचे वाटप तुम्ही कधी पाहिलेले नाही. आणि कामगारांच्या खात्यात जमा झालेल्या पैशांतला काही भाग मुकादम रोखीने परत घेतो, अशी कुजबूज तुमच्या कानावर आली आहे. मी वागळे इस्टेटमध्ये आणि नंतर ठाणे–बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात काम करून निवृत्त झालो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमचा खरा प्रश्न हा चौथा आहे. आधीच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो, पण जास्त वेळ चौथ्यालाच देणार आहे.

मी धर्मगुरू नाही आणि धर्मशास्त्राचा पदवीधरही नाही. शिवाय तुमच्या घरची परिस्थिती, नोकरीत तुम्ही कायम आहात की परिविक्षेवर, घरात दुसरा पगार येतो की नाही, यांपैकी काहीच मला ठाऊक नाही. या गोष्टींवर उत्तराचा काही भाग अवलंबून आहे आणि तो कुठे अवलंबून आहे हे त्या त्या ठिकाणी सांगेन.

क्रूसाचा प्रश्न सर्वांत सोपा. तुमच्या शेजारच्या टेबलावर गणपती असेल, त्यापलीकडे स्वामी समर्थांची तसबीर असेल, तर तुमच्या टेबलावर छोटा क्रूस असण्यात कुणाला काही वावगे वाटणार नाही. तो ठेवल्याने तुमची श्रद्धा वाढत नाही आणि न ठेवल्याने घटत नाही. मात्र क्रूस ठेवणाऱ्या माणसाकडे लोक जरा निरखून पाहतात, एवढे लक्षात असू द्या. रोज दुपारी केबिनमध्ये जपमाळ करणारे एक वरिष्ठ अधिकारी माझ्या पाहण्यात होते. छोट्या पुरवठादारांची बिले हेच गृहस्थ महिनोन्‌महिने दाबून ठेवत. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा २००६ चा कायदा सांगतो, आणि तो त्यांना तोंडपाठ होता. पुरवठादारांच्या मनात त्या जपमाळेविषयी काय येत असेल, याचा विचार त्यांनी कधी केला असेल असे मला वाटत नाही.

प्रसादाबद्दल तुम्हाला दोन धर्मगुरूंकडून दोन उत्तरे मिळू शकतात आणि त्याने गोंधळून जाऊ नये. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ८ व्या आणि १० व्या अध्यायांत नेमका हाच प्रश्न हाताळला आहे, आणि तिथेही उत्तर एका ओळीचे नाही. मूर्ती म्हणजे काही नाही, म्हणून अन्नाने काही बिघडत नाही, असे तो म्हणतो. पण तुझ्या खाण्याने एखाद्या कच्च्या मनाच्या भावाची श्रद्धा डळमळत असेल तर खाऊ नकोस, असेही तो म्हणतो. आणि मूर्तिपूजेत सहभागी होण्याला त्याचा ठाम विरोध आहे. मी स्वतः एक रेघ आखून घेतली होती. पूजेच्या वेळी मी आदराने उभा राहत असे, पण यजमान म्हणून पूजेला बसण्याचा किंवा आरती ओवाळण्याचा आग्रह झाला तर हसून नकार देत असे. ज्या सहकाऱ्याने घरी पहाटे उठून शिरा केला, त्याच्या हातचा द्रोण मी परत केला नाही. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा अव्हेर ख्रिस्तसभा, म्हणजे चर्च, करत नाही, असे जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी स्पष्ट केले होते. तरीही तुमचे सदसद्विवेक तो द्रोण घेऊ देत नसेल तर घेऊ नका. फक्त ‘आमच्यात चालत नाही’ असे तोडून न सांगता, पूजेच्या तयारीत खुर्च्या लावण्यापासून हातभार लावा म्हणजे नकार माणसाला लागणार नाही.

रविवारच्या मिस्सेविषयी दोन गोष्टी सांगतो. कॅथलिक चर्चच्या धर्मसंहितेतील १२४८ व्या नियमानुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही रविवारचे कर्तव्य पार पडते, आणि गंभीर कारणाने जाता आले नाही तर ते पाप ठरत नाही. ज्या कारखान्यात भट्टी किंवा प्रक्रिया चोवीस तास चालू ठेवावी लागते तिथे कुणीतरी रविवारी कामावर असणारच. दुसरी गोष्ट व्यवहाराची आहे. पाळीची अदलाबदल मागताना आधी द्यायला शिका. गणपतीत आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कामावर यायला कुणी तयार नसते; त्या पाळ्या तुम्ही स्वतःहून घेतल्यात तर गुड फ्रायडे आणि नाताळ तुम्हाला मागावाही लागणार नाही. पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांची यादी बहुतेक ठिकाणी डिसेंबरमध्ये ठरते. गुड फ्रायडेविषयी जे बोलायचे ते तेव्हाच बोला, कारण मार्चमध्ये बोललात तर ती सवलत होते. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सुट्टी नसते आणि तिची गरजही नाही, कारण पुष्कळ चर्चमध्ये त्या दिवशी सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा विधी असतो. १ मेचे मात्र आपल्याला भाग्य आहे. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन म्हणून त्या दिवशी सुट्टी असते, आणि पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये तोच दिवस कामगार संत योसेफाचा सण म्हणून ठरवला.

आता त्या सहीकडे वळतो.

त्या मजकुराचा उगम तुम्हाला माहीत असायला हवा. ठेकेदार कामगारांना मजुरी वाटत असताना मुख्य मालकाचा, म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्या कारखान्याचा, प्रतिनिधी तिथे हजर असावा आणि दिलेली रक्कम त्याने प्रमाणित करावी, ही पद्धत १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने घालून दिली. मजुरी देण्यात ठेकेदार कमी पडला तर ती मुख्य मालकाने भरावी आणि ठेकेदाराकडून वसूल करावी, असेही त्याच कायद्याने ठरवले. पुढे कामगार कायदे बदलून संहिता आल्या, मजुरी बँकेतून जाऊ लागली, पण ही जबाबदारी मुख्य मालकावरच राहिली. म्हणजे ज्या ओळीखाली तुम्ही सही करता ती कुणी कारकुनाने उगाच छापलेली नाही. सर्वांत दुबळ्या कामगाराला आपली मजुरी पूर्ण मिळाली हे पाहणारी एक परकी नजर तिथे असावी, एवढ्यासाठी ती ओळ जन्माला आली. कायद्याने ती नजर तुमची असावी असे ठरवले आणि साहेबांनी तिची नुसती सही करून टाकली.

ख्रिस्ती शिकवणीत मजुरीइतक्या कठोरपणे फार थोड्या गोष्टींविषयी बोलले गेले आहे. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, असे अनुवादाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि तो आवाज प्रभूच्या कानी पोचला आहे, असे याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात ‘चोरी करू नको’ या सातव्या आज्ञेखाली चोरीबरोबरच बिलांतील बनवाबनवी आणि वाईट केलेले कामही येते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमाविषयीच्या विश्वपत्रात ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली. जे थेट पगार देत नाहीत, पण ज्यांच्या निर्णयांमुळे कामगाराच्या अटी ठरतात, त्यांच्यावरही न्यायाची जबाबदारी येते, असे त्यांचे म्हणणे. ठेकेदाराकडे काम सोपवणारा कारखाना या व्याख्येत बसतो, आणि त्याचे बिल मंजूर करणारे टेबलही त्यापासून फार दूर नाही.

याचा अर्थ तुम्ही उद्या राजीनामा द्यावा असा होतो का? मला तसे वाटत नाही. ठाण्यात तलावपाळीजवळच्या चर्चला ज्यांचे नाव आहे त्या संत योहान बाप्तिस्ताकडे जकातदार आणि शिपाई आले आणि आम्ही काय करावे म्हणून विचारू लागले. लूकच्या शुभवर्तमानाच्या ३ ऱ्या अध्यायातले त्याचे उत्तर कार्यालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. नोकरी सोडा, असे तो सांगत नाही. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, धाक दाखवून पैसे काढू नका, आपल्या पगारात समाधान माना, असे तो सांगतो. ही माणसे एका वाईट व्यवस्थेत काम करत होती हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. पण त्यांच्या हातात काय होते तेही त्याला ठाऊक होते.

तुमच्या हातात काय आहे हे ठरवण्यासाठी नीतिशास्त्रातला एक जुना भेद उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या दुष्कृत्याला आपल्या मनाची संमती देऊन किंवा ते स्वतः करून हातभार लावणे वेगळे, आणि आपण आपले वैध काम करत असताना दुसऱ्याने त्याचा गैरफायदा घेणे वेगळे. पहिले कधीच चालत नाही. दुसरे काही वेळा, पुरेसे गंभीर कारण असेल तर, सोसावे लागते. त्या ठेकेदाराचे बिल तुमच्या विभागातून जाते, त्याच्या कामगारांचे गेटपास तुम्ही काढता, हे सगळे दुसऱ्या प्रकारात मोडेल. घरखर्च तुमच्यावर असेल तर तेवढ्याने स्वतःला दोषी समजू नका. पण ‘माझ्या समक्ष मजुरी दिली’ हे विधान तुम्ही स्वतः करता आणि ते खरे नाही, हे तुम्हाला माहीत आहे. इथे घरची परिस्थिती आड घेता येत नाही. माझ्या उत्तरातला हाच एक भाग परिस्थितीवर अवलंबून नाही.

उपाय मात्र नाट्यमय नाही. जे पाहिले तेवढ्यावरच सही करा. छापील मजकूर खोडून त्या जागी ‘बँकेच्या जमायादीवरून पडताळले’ असे लिहा, तारीख घाला आणि मग सही करा. त्यासाठी आधी खरोखर पडताळणी करावी लागेल आणि हे कष्टाचे काम आहे. ठेकेदाराकडून हजेरीपट, वेतनपट, बँकेची जमायादी आणि भविष्यनिर्वाह निधीचे ईसीआर, म्हणजे दरमहा भरायचे कामगारवार विवरण, मागवा आणि चारही समोरासमोर ठेवा. ईसीआरमध्ये बिनपगारी गैरहजेरीच्या दिवसांचा, ज्याला तिथे एनसीपी म्हणतात, एक रकाना असतो. हजेरीपटावर एखादा कामगार २६ दिवस हजर दिसतो आणि त्या रकान्यात त्याचे १२ दिवस गैरहजर दाखवले आहेत, असे आढळले तर तुम्हाला कुजबुजीवर विसंबण्याची गरज उरत नाही. ईएसआयसीचा, म्हणजे कामगार राज्य विम्याचा, हिस्सा कामगाराकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के असा असतो. मालकाचाही हिस्सा कामगाराच्याच मजुरीतून कापल्याचे प्रकार मी पाहिले आहेत आणि ते वेतनपटावरच्या साध्या बेरजेत सापडतात.

रोख परत घेण्याचा प्रकार कागदावर उमटत नाही, हे मला माहीत आहे. इथे आठवी आज्ञा तुम्हाला दोन्ही बाजूंनी बांधते. खोटी साक्ष देऊ नये, तशीच ऐकीव गोष्टीवरून कुणाची बदनामीही करू नये. कँटीनमध्ये या विषयाची चर्चा करू नका. कामगाराला एकटे गाठून ‘तुझ्याकडून किती घेतात’ असेही विचारू नका, कारण संध्याकाळपर्यंत मुकादमाला कळते आणि दुसऱ्या दिवशी तो कामगार गेटबाहेर असतो. त्यापेक्षा अशी पद्धत सुचवा की तिचा बोजा कुणा एकावर येणार नाही. महिन्यातून एकदा ठेकेदाराच्या सर्व कामगारांना मजुरीची चिठ्ठी तुमच्या विभागासमोर वाटली जावी, किमान मजुरीचा चालू दर मराठीत आणि हिंदीत गेटजवळ लावावा, एटीएम कार्ड कामगाराच्या स्वतःकडेच असल्याची खात्री नोंदणीच्या वेळी करावी. एका कारखान्यात आम्ही एवढेच केले. कामगारांची एटीएम कार्डे मुकादमाच्या हाती जाणे थांबले का, याची छाती ठोकून ग्वाही मी देणार नाही, पण त्यानंतर दोन कामगार आपणहून तक्रार घेऊन आले. त्याआधी कुणी आले नव्हते.

साहेबांशी बोलताना धर्माचा विषय काढू नका. हे थोडे समजावून सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा रोख नेमका उलट आहे. श्रद्धेचे नाव घेऊन नकार देणे हीच साक्ष, असे तुम्हाला वाटते. ‘माझा धर्म मला खोटी सही करू देत नाही’ असे म्हटले की प्रश्न एका मुलीच्या धार्मिक अडचणीचा होतो. साहेब समजूतदारपणे म्हणतील, ‘बरं, मग पाटीलबाई करतील.’ सही तशीच होईल, मजूर तिथेच राहतील आणि तुमचे सदसद्विवेक मात्र मोकळे झाल्याचा आभास होईल. शिवाय त्या वाक्यातून पाटीलबाईंचा अपमान होतो, कारण त्यांना खोटी सही चालते असे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या सगळ्या नोकरीत न पाहिलेल्या मालाच्या पावतीवर सही करायला सर्वांत निर्धाराने नकार देणारा माणूस एक वारकरी स्टोअरकीपर होता. मी त्याच्याकडून जितके शिकलो तितके कित्येक प्रवचनांतून शिकलो नाही. तो कधी विठोबाचे नाव घेत नसे. ‘माल दाखवा, सही करतो’ एवढेच म्हणे.

म्हणून साहेबांना कामाच्या भाषेत सांगा: उद्या तपासणी झाली किंवा एखादा अपघात झाला, तर मजुरीचा आणि भरपाईचा बोजा कंपनीवर येईल, तेव्हा वेतनपटावर ‘समक्ष’ असे लिहिलेले असेल आणि वाटपाच्या वेळी मी कुठे होते ते गेटच्या नोंदीत दिसेल, मी हे पडताळून देईन, त्याला बिलामागे दोन दिवस जास्त लागतील. हे आधी तोंडी सांगा आणि मग तेच छोट्या ईमेलने कळवा. ईमेलचा सूर तक्रारीचा नको, ठरलेल्या कामाची नोंद केल्यासारखा असू द्या. ही लपवाछपवी आहे असे समजू नका. तुम्ही जे मांडाल ते शंभर टक्के खरे असेल, आणि त्यामागची प्रेरणा कुठून येते हे कुणी प्रेमाने विचारले तर तेव्हा जरूर सांगा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या १९६५ च्या दस्तऐवजात श्रद्धा आणि रोजचे जीवन यांच्यातील फारकत ही आपल्या काळातल्या गंभीर चुकांपैकी एक मानली आहे. ती फारकत तुमच्या टेबलावरचा क्रूस भरून काढणार नाही. चार कागद समोरासमोर ठेवण्यात घालवलेले ते दोन दिवस थोडीफार भरून काढतील.

इथपर्यंतचे थोडक्यात असे: क्रूस, प्रसाद आणि पाळी यांत तुमच्या सदसद्विवेकाला बरीच मोकळीक आहे; बिले आणि गेटपास यांत परिस्थितीप्रमाणे सोसावे लागेल; खोट्या विधानाखालच्या सहीत मोकळीक नाही, पण मार्ग आहे.

साहेबांनी हे ऐकले नाही तर काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण तुमच्या मनात असणार. बहुतेक साहेब कुरकुरत का होईना ऐकतात, कारण जबाबदारी लेखी झालेली त्यांनाही परवडत नाही. काही ऐकत नाहीत. तेव्हा कंपनीत वरची पायरी असेल तर तिथे जा, आणि ती नसेल तर दुसरी नोकरी शोधायला लागा. ती मिळेपर्यंत दुरुस्त मजकुराखालीच सही करत राहा. ठाण्याच्या मातीने १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन हुतात्मे पाहिले आहेत. त्यांच्याविषयी आपल्याला अभिमान आहेच. पण हौतात्म्य स्वतःहून ओढवून घ्यावे असे ख्रिस्तसभेने कधी शिकवलेले नाही, आणि घरात आजारी वडील असताना तावातावाने दिलेला राजीनामा हे शौर्य ठरतेच असे नाही. नोकरी बदलण्याची घाई किती करायची हा भाग पूर्णपणे तुमच्या परिस्थितीचा आहे आणि त्यावर माझे मत देणे उद्धटपणाचे होईल.

याआधी केलेल्या सह्यांचे ओझे मनावर असेल तर कुमसाराला, म्हणजे धर्मगुरूंपाशी पापांची कबुली द्यायला, जा. तिथे सांगितलेले धर्मगुरू कुणापाशीही बोलू शकत नाहीत, त्यामुळे कंपनीचे नाव बाहेर जाईल ही भीती बाळगू नका. मात्र फादरांकडून कामगार कायद्याचा सल्ला अपेक्षू नका. त्यासाठी तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या चर्चच्या परिसरात, कुणी निवृत्त कामगार अधिकारी किंवा युनियनमध्ये काम केलेला माणूस असतोच, नवी मुंबईत तर असतोच असतो. मिस्सेनंतर त्याला गाठा.

आणि हे या महिन्यापासूनच करता येईल. मजुरी साधारण ७ तारखेपर्यंत व्हायला हवी आणि भविष्यनिर्वाह निधी व ईएसआयसीची चलने १५ तारखेपर्यंत भरायची असतात. ठेकेदाराचे बिल १० तारखेला तुमच्या टेबलावर आले तर मजुरीची जमायादी त्याच वेळी मागा, चलने मागच्या महिन्याची जोडायला सांगा, आणि ती जोडलेली नसतील तर काय कमी आहे ते एका कागदावर लिहून बिल त्याच दिवशी परत पाठवा.